वीतभर फट

माझा भाऊ आयव्हर ट्रेलोर आयुष्यात एकदाच खोटं बोलला. मी दर रविवारी बोलते.

आम्ही फिल्टनचे. ब्रिस्टलच्या या टोकाला कॉन्कॉर्ड विमानाच्या कारखान्यात कुणीच कामाला नाही असं घर शोधून सापडायचं नाही. बाबा विमानाच्या पत्र्यांत रिव्हेट ठोकायचे, मी कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायचे. एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये ते विमान पहिल्यांदा इथून उडालं तेव्हा बाबा ढसाढसा रडले. शेजारीण म्हणाली, "ट्रेलोर, रिव्हेट सुटतील म्हणून घाबरलात का?" जगभरातून मागण्या आल्या होत्या, मग एकेकाने पाठ फिरवली. आवाज फार, इंधन फार, तिकीट तर विचारूच नका. मोजकीच विमानं बनली. आयव्हर त्यांवर फ्लाइट इंजिनिअर झाला आणि वीस वर्षं खाली उतरलाच नाही म्हणा ना.

लंडनहून न्यूयॉर्क साडेतीन तासांत. एवढ्या वेगात विमानाचं अंग तापून वीतभर लांब व्हायचं. कॉकपिटमध्ये इंजिनिअरसमोरचं घड्याळांचं पॅनेल आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट पडायची. वेग उतरला की ती मिटायची, अशी की पोस्टकार्डसुद्धा सरकणार नाही.

आयव्हरच्या बायकोला, ग्लेनिसला, ते विमान सवत वाटायचं. तरी प्रत्येक उड्डाणाला ती त्याच्या खिशात एक पाकीट घालायची. त्याने ते फट उघडल्यावरच वाचायचं, वाचून फटीत खोचायचं आणि वेग उतरायच्या आत काढून घ्यायचं, असा दोघांचा शिरस्ता. आत लिहिलेलं असायचं काय, तर येताना दूध आण.

दोन हजार साली पॅरिसजवळ एक कॉन्कॉर्ड पडलं, माणसं गेली, आणि पुढच्या तीन वर्षांत सगळाच कारभार आटोपला. शेवटचं विमान कायमचं ठेवायला फिल्टनला आणायचं ठरलं. त्यावर आयव्हर होता. ग्लेनिस तेव्हा हॉस्पिटलात होती. तिचे हात थरथरायचे, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. चारच ओळी. "त्याच्या मागे लागू नकोस हं, बेरिल," ती म्हणाली, "हे आमच्या दोघांतलं आहे." पाकीट मीच त्याच्या हातात दिलं.

उड्डाण झाल्यावर तो थेट वॉर्डात आला, डोक्यावर टोपी नाही, नखं तुटलेली.

"वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं."

"मग?"

"हो, ग्लेनिस. हो."

तिचा चेहरा असा फुलला की मी खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नर्सकडून कोट चढवून घेतला आणि पलंगावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही. आयव्हर रोज यायचा, हात धरायचा. "थंडी वाजते का गं?" म्हणायचा आणि आणखी एक पांघरूण मागवायचा. ती मानी बाई, दुसऱ्यांदा विचारणारी नव्हती. मीही दात आवळून बसले. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. अंगात कोट होता.

स्मशानभूमीच्या फाटकात मी त्याला म्हटलं, "त्या विमानाशीच लग्न करायचं होतंस." मग तेरा वर्षं बोलले नाही.

त्याच्या डोळ्यांची नजर पार गेली तेव्हा तो माझ्या दारात बॅग घेऊन उभा राहिला.

"अजून किती वर्षं रागावणार आहेस?"

"मरेपर्यंत."

"मग तोवर चहा तरी टाक."

चहा पिताना त्याने सांगितलं. शेवटच्या उड्डाणाला आपली टोपी फटीत सोडायची, अशी इंजिनिअर लोकांची रीत पडली होती. विमान निवलं की टोपी कायमची आत. त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाहुण्यांची गर्दी. आयव्हरने पाकीट न उघडताच फटीत सरकवलं, म्हटलं निवांत वाचू. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "टोपी, टोपी!" त्याने टोपी कोंबली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पाकीट आठवलं तोवर वेग उतरला होता. नखं तुटेपर्यंत ओढलं. आणि ते विमान पुन्हा कधीच तापणार नव्हतं.

"काय विचारलं असेल गं तिने?" तो म्हणाला. "मी कशाला हो म्हणालो?"

मी किटली धरून उभी. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या पलंगाशी एकोणीस दिवस मीही बसले होते, आणि मला सगळं ठाऊक होतं. रागाच्या भरात गप्प न बसता एक वाक्य बोलले असते, तर ग्लेनिस घरी आली असती. मी भ्याले, दुसरं काही नाही.

त्याच हिवाळ्यात विमान नव्या शेडमध्ये हलवलं. मेकॅनिकांनी पॅनेल ढिलं केलं आणि चपटी टोपी नि पाकीट घरी आणून दिलं.

"वाच," आयव्हर म्हणाला.

माझंच अक्षर. मला घरी ने. इथे मरायचं नाही. उद्या सकाळपासून तयार बसते. नेशील ना?

मी वाचलं, "आता उतरलास की कायमचा उतर. दूध मीच आणीन. बागेत सफरचंदाखाली एक बाक कर. संध्याकाळी बसू. तू गप्प बसायचं, मी बोलेन. करशील ना?"

तो हसता हसता रडला. "बाक! बाकाला हो म्हणालो होय मी!" मग चाचपत चाचपत, हात कापून घेत, दोन महिन्यांत बाक केला. दर रविवारी जेवण झालं की आम्ही त्यावर बसतो आणि मी चिठ्ठी वाचते. एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून पाठ केली आहे.

गेल्या रविवारी त्याने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागून बोटं फिरवली. विमानाच्या पत्र्यावरची केसाएवढी चीर या बोटांना कळायची.

"चार ओळी आहेत, बेरिल," तो म्हणाला. "तू सहा वाचतेस."

मी कागदासाठी हात पुढे केला, त्याने दिला नाही.

"आणि पेन दाबून लिहिलंय. तिच्या हातात तेव्हा चमचासुद्धा टिकत नव्हता."

तो एका ओळीवरून पुढच्या ओळीवर बोटं फिरवत गेला आणि शेवटच्या शब्दांवर थांबला. मग घडी घालून कागद त्याने परत माझ्या हातात ठेवला.

"वाच," तो म्हणाला. "नेहमीसारखं वाच. बाकासकट."