स्वल्प मागे

आमचे वडील म्हैसूरच्या गाडीवर ड्रायव्हर होते. जड गाडी वाफेच्या इंजिनाला एकदम हलत नाही, म्हणून ते निघताना इंजिन आधी किंचित मागे घेत. डब्यांमधल्या साखळ्या सैल पडत आणि मग इंजिन एकेक डबा करत सगळी गाडी ओढून नेई. चामराजपेटच्या आमच्या घरात याला ‘स्वल्प घेणं’ म्हणत. चळवळीची पत्रकं वाटत फिरण्याच्या त्या वयात मागे सरणं मला इंजिनाचंही खपत नसे.

अक्का लग्न होऊन पुण्याला निघाली. सासरच्यांसाठी नोकरी सोडलीस म्हणून मी तिच्याशी कडाकडा भांडले होते. स्टेशनवर मी तिच्या खिडकीच्या जरा मागे उभी होते. शिट्टी झाली आणि तिचा डबा वीतभर माझ्याकडे आला. सगळं ठाऊक असूनही मी तिचा हात घट्ट धरला.

“सोड गं, पुढारीणबाई,” ती म्हणाली. “गाडी स्वल्प घेतेय, मी परत येत नाहीये.”

पुढचे डबे खडखडत हलू लागले. तिचा डबा अगदी शेवटचा होता. इंजिनाची ओढ तिथवर पोचेपर्यंत तिनेही हात सोडवून घेतला नाही.