तिघींनी सांगितलेली दगडी वाट

नात कमरेपर्यंत गाळात गेली होती. वरून जमीन वाळलेली, भेगाळलेली. ती पाय उपसायला गेली की आणखी खाली जायची.

"आज्जे, खाली दगुड न्हाई गं!"

"हालू नगंस. त्वांड मिट."

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी मागं सरकतं आणि बुडालेल्या गावांची जोती वर येतात. नात भोरच्या कॉलेजात शिकते. अशाच एका गावावर तिला शोधनिबंध लिहायचा होता. गावातून देवळापर्यंत दगडी वाट होती का, एवढं तिला नक्की करायचं होतं. जुन्या छापील पुस्तकात वाटेचं नाव नव्हतं. मोबाईलवरच्या एका लेखात होतं, पण लिहिणारा कोण आणि त्यानं ते कुठून घेतलं, याचा पत्ता नव्हता. तो तिनं बाजूला ठेवला. ते बरोबरच केलं.

मग ती माणसांकडे वळली. वेगवेगळ्या गावच्या तिघांनी एकच सांगितलं तर धरायला हरकत नाही, असं तिचे सर म्हणाले होते. एक म्हातारी वेल्ह्याची, एक नसरापूरची, तिसरी मी. तिघींनी सांगितलं: काळ्या दगडाची वाट, बैल घसरू नयेत म्हणून दगडांना आडव्या खाचा. खाचांपर्यंत जुळलं. नात खूश झाली. मला ते जुळणं बरं वाटलं नाही. सख्ख्या बहिणीही इतकं सारखं सांगत नाहीत.

"पुस्तकात का न्हाई मग?" मी विचारलं.

"लिवणाऱ्यानं काठावरनं बघितलं असंल."

"आन् म्या तरी कुठं बघितलीय?"

"तू गप. तू माझा पुरावा हाईस."

त्या दिवशी सकाळी आम्ही पात्रात उतरलो. पलीकडे एक बाप्या म्हशी घेऊन चालला होता. म्हशी सरळ येत होत्या, आणि देवळाच्या अलीकडे सगळ्याच्या सगळ्या वळसा घालून गेल्या. त्या मधल्या तुकड्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता. मी हाक मारली. नात फोटो काढायला मोबाईल धरून पुढं गेली होती. आता वाट लागेल, म्हणाली, आणि गाळात गेली.

मी नऊवारी लुगडं सोडलं. अंगावर परकर-पोलकं उरलं. पोटावर आडवी होऊन सरकले आणि पदर तिच्याकडे फेकला. गाळ माझ्या हनुवटीखाली हलत होता. आत कुणी कूस बदलावी तसा. म्हशीवाला धावत आला आणि त्यानं मागून माझे पाय धरले.

"म्हातारे, लुगडं फाटंल!"

"फाटू दे. वढ तू."

गाळानं तिला पटकन सोडलं नाही. मोबाईल ठेवून घेतला.

काठावर बसून मी तिला विचारलं, "त्या दोघींची गावं तू कंची लिवलीस?"

"वेल्हे आणि नसरापूर."

"ती सासरं. म्हायेर इचारलंस?"

विचारलं नव्हतं. दोघी आमच्याच गावच्या पोरी; मलाही ते उशिरा सुचलं. लग्नाआधी आमच्याबरोबर सावडीनं भात लावायच्या, आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. चिखलात वाकून माझी सासू ही दगडी वाट सांगायची, खाचांसकट. वेल्ह्याला आणि नसरापूरला गेली ती तिचीच गोष्ट. आणि सासूनंही वाट पाहिलेली नव्हती. तिला तिच्या आईनं सांगितली होती.

नात म्हणाली, "म्हंजी तीन न्हाईत. एकच."

तिनं निबंधात तसंच लिहिलं: सांगणारी एक, पाहणारं कुणी नाही. वाट खाली असेलही. ती पुन्हा बघायला गेली नाही.

चार दिवसांनी म्हशीवाल्याचं रेडकू चुकून त्याच जागी गेलं. त्याचं ओरडणं आमच्या अंगणात ऐकू येत होतं, मग येईनासं झालं. पुढं पावसानं पाणी चढलं आणि जागा दिसेनाशी झाली. गाळ आहे तिथंच आहे.

रेडकू मेलं. नात वाचली, मी वाचले.