न प्यायलेल्या दारूचं प्रायश्चित्त

आमचे हे आयुष्यभर दारूच्या दुकानात बसले आणि थेंबाला शिवले नाहीत. हे मी सांगते, त्यांची बायको गंगा. खोटं बोलून या वयात मला काय मिळायचंय?

यज्ञेश्वरपंत म्हटलं की गंगेकाठच्या राजा घाटावरची आपली मराठी माणसं नाक मुरडायची. छावणीतल्या एका पारशाच्या दुकानात हे कारकून. तिथे साहेबलोकांसाठी स्पेनहून दारू यायची, एकाच नामी घराण्याची. गिऱ्हाईक आलं की त्या घराण्याची कुळकथा सांगायची, हे ह्यांचं काम. तिकडे म्हणे पिंपांच्या ओळी एकावर एक रचलेल्या, सगळ्यांत जुनी तळाशी. विकायला काढायची ती तळातली, आणि जेवढी काढली तेवढी वरच्या पिंपातली तिच्यात ओतायची, म्हणजे पणजोबाची दारू कधी संपतच नाही. मी म्हटलं, "मग आपलं विरजणच की ते." त्यावर हे पोटभर हसले होते.

दुसरी गोष्ट ह्यांची फार लाडकी. एका साली माल बिघडला. गिऱ्हाइकं दारात उभी, तरी मालकाने सगळी पिंपं गटारात रिकामी केली. "जे खरं नाही त्यावर घराण्याचं नाव घालायचं नाही, म्हणाला. म्हणून दीडशे वर्षं नाव टिकलं," असं हे मला दळतानासुद्धा ऐकवायचे. माझे कान किटले होते.

पण पिंपातून बाटल्या भरताना कपड्यांना वास लागायचा. माघाच्या थंडीतसुद्धा गंगेत बुडी मारल्याशिवाय मी ह्यांना घरात घेत नसे. वास जायचा. लोकांची बोलणी कुठली जायला?

मग आमच्या बकुळचं लग्न ठरलं, आणि वेणीमाधवशास्त्री ओसरीवर येऊन बसले. बिरादरीत त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "पंत, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय एकही ब्राह्मण मांडवात यायचा नाही. मुलाकडच्यांनाही तसं कळवावं लागेल."

"नोकरी सोडतो, शास्त्रीबुवा. पण मी प्यायलो नाही हो."

"अहो, पिण्याला प्रायश्चित्त आहे. न पिण्याला शास्त्रात काही सांगितलेलं नाही. चार लोकांत प्यायलो म्हणा आणि मोकळे व्हा."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. शास्त्रीबुवा गेल्यावर मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, लग्न मोडलं तरी बेहत्तर, पण तसं म्हणू नका. हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "दमलो गं मी. आणि पोरीला काय जन्मभर घरात ठेवायची?"

मुंडण झालं, उपास झाले, पंचगव्य झालं. घाटावर सगळ्यांसमोर हे म्हणाले, "मी मद्य प्यायलो." आवाज अगदी साधा होता. मला मात्र रागाने रडू आवरेना.

लग्न छान पार पडलं. पंगतीत शास्त्रीबुवांनी ह्यांना स्वतःशेजारी बसवून जिलबीचा आग्रह केला. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

निघताना बकुळ ह्यांच्या पाया पडली. इथल्या गल्लीत वाढलेली पोर, मनातलं सांगायचं झालं की हिंदीच यायची तिच्या तोंडी. ह्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "बाबा, अब मत पीना."

मी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी मला हातानेच थांबवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही पिणार," म्हणाले.