नावानं मारलेली हाक

बायकोच्या हातात एकोणिसाव्या शतकातली कादंबरी आहे. तिच्यातली नायिका जुलमी नवऱ्याला तोंडावर नावानं हाक मारते. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात! त्या एका हाकेनं सात गावांतली पागोटी उडाली असणार. लेखकही हादरला असावा, कारण पुढच्याच पानावर त्यानं तिला ताप आणला. बाई जिंकली तर आपल्या घरी काय होईल, ही धास्ती!

ही मात्र तासभर त्या हाकेच्याच पानावर आहे आणि मी सारखा तिच्याकडे बघतोय. काल हिचं शिलाई मशीन मी हिला न विचारता पुतणीला देऊन टाकलं.

"चहा टाकू का गं?" तीस वर्षांत प्रथमच मी विचारलं.

"नको. आधी माझं मशीन आणा," ती मान वर न करता म्हणाली.

पुतणीला काय सांगायचं, ते जुळवत मी जिना उतरलो.