थकबाकीदाराचा चहा

किस्से उकिरड्यासारखे असतात. रोज घमेलंभर पडतं तेव्हा कळत नाही. वर्षानं बघावं तर हा ढीग! आणि सगळं खतच की, मर्दा!

कोरोनात बाजार बंद पडला, तेव्हा आमच्या कोडोलीकडच्या पाच बायकांच्या गटानं भाजीच्या पिशव्या बांधून कोल्हापुरात घरपोच द्यायला सुरुवात केली. गटाची कारभारीण माझी बायको, शांता. भाजी झकास खपायची, पण सगळा नफा भाड्याचा टेम्पोवाला खायचा. स्वतःचा टेम्पो झाला नाही तर गट मोडणार, हे उघड होतं. बँक म्हणाली, कर्ज देतो, आधी हिशेब शिका. मग बँकेच्याच एक मॅडम व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागल्या.

*

पहिला क्लास आमच्या गोठ्यात. तिथं गटाची म्हैस बांधलेली. फोन गव्हाणीवर टेकवलेला. मी हळूच तो म्हशीकडं फिरवला.

मॅडम दचकल्या. "ह्या कोण?"

शांता जागची हलली नाही. "आमच्या मेन पार्टनर. भांडवल ह्यांचंच हाय!"

*

मॅडमनी सांगितलं, खर्चात स्वतःची मजुरीपण धरा. पद्माक्का म्हणजे गटातली सगळ्यात चिकट बाई. तिनं धरली. नफ्यातली कोथिंबीर बसल्या जागी तोट्यात गेली! "म्हंजे इतकी वर्षं मी फुकट राबलो व्हय?" असं म्हणून तिनं नवऱ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी नवरा माझ्या दारात. "अण्णा, लॉकडाऊन ऱ्हाऊ दे, पर तो क्लास तेवढा उठवा!"

*

पुढचा धडा, फोनवर कुणाला ओटीपी सांगायचा नाही. आता परीक्षा नको घ्यायला? शेजाऱ्याचा फोन घेतला, तोंडावर टॉवेल धरला आणि गोठ्यातनंच पद्माक्काला लावला. "बँकेतून बोलतोय. ओटीपी सांगा."

तेवढ्यात मागनं म्हैस रेकली.

"सांगतो की सायेब," पद्माक्का गोड आवाजात म्हणाली. "पर बँकेत म्हैस कधीपासनं बांधाय लागला, भाऊजी?"

*

मग आला सगळ्यात वाईट धडा. घर वेगळं, धंदा वेगळा! म्हैस गटाची, म्हणजे दूधही गटाचं. सकाळी चहा मागितला.

"दुधाचं पैसं?"

"अगं, नवरा हाय मी तुझा!"

"घरात. गोठ्यात गिऱ्हाईक."

"मग मांड उधारी!" मला वाटलं, चेष्टा चाललीय. ती मांडत राहिली, मी पीत राहिलो.

*

कर्जाचा दिवस उजाडला. बँकेतले साहेब म्हणाले, "सगळं ठीक आहे. फक्त तुमच्या मालकांना जामीन राहू दे." मी कडक टोपी घालून तयारच. पेन उघडलं.

"थांबा सायेब," शांता म्हणाली. "ह्यांच्याकडं गटाची दुधाची बाकी हाय. थकबाकीदार जामीन चालतो व्हय?"

साहेबांनी मास्क खाली केला, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, मास्क परत वर केला.

"नाही चालत."

पद्माक्कानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि जामीन म्हणून स्वतः सही ठोकली.

टेम्पो आला. ड्रायव्हर मी! पहिल्या पगाराला ऐटीत हात पुढं केला. शांतानं हातावर कपबशी ठेवली.

"पगारातनं दुधाची बाकी फिटली. घ्या, चहा."

कपात बघतोय तर चहा कोरा!