आमच्या फोनातला तिचा आवाज

भूतबित मी मानत नाही. म्हणून माझी शेजारीण जाऊन सोळा दिवस झाले होते आणि ती आमच्या पुढच्या खोलीत बोलताना ऐकू आली, तेव्हा मी घाबरले नाही. मी स्वयंपाकघरात मिरच्यांची डेखं, म्हणजे देठं, खुडत बसले होते. ती म्हणत होती, "बाई, येसर आधी गार पाण्यात कालव. एकदम उकळत्यात टाकलं की गाठी होतेत, मंग मला शिव्या देशीन." मी उठून पुढं गेले. खोलीत सून एकटीच होती. मला बघून तिनं हातातला फोन उशीखाली सारला.

हे कसं झालं ते आधीपासून सांगते.

आम्ही जाफराबादला राहतो. मालक गेले, मुलगा जालन्याला कारखान्यात आहे, रविवारी येतो. घरी मी आणि सून. मी चौथी शिकलेली, ती बी.कॉम. फोनवर बघून बघून ती वेबसाइट बनवायला शिकली. गावातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याची बनवली, एका ब्युटी पार्लरची बनवली, एका रोपवाटिकेची बनवली. दुकान असतं हाताएवढं, फोनात ते मोठं दिसतं. फोटो, पत्ता, वेळ आणि खाली एक बटण. बटण दाबलं की गिऱ्हाइकाचा मेसेज थेट दुकानदाराला जातो. पण दुकानदार उत्तरंच देत नसत. सून चिडायची. "लोक विचारतेत अन् हे बघत बी न्हाईत. पाटी लावून दार लावून घ्यायचं, ह्याला काय वेबसाइट म्हणतेत का, आत्याबाई?" मग तिनं ठरवलं, घरच्या मालाची वेबसाइट करायची आणि ह्या लोकांना दाखवून द्यायचं.

घरचा माल म्हणजे माझं येसर. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि मसाले वेगवेगळे भाजायचे, मग एकत्र दळायचे. त्या पिठाची आमटी होते. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला ती लागतेच, आणि लेक सासरी जाताना डबा भरून सोबत देतात. माझं येसर चांगलं असतं. ते मला ठाऊक आहे, दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

शेजारीण भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा मालक गावाकडं शेतात, ती इथं मुलाजवळ, नातवंडांच्या शाळेपायी. मुलगा शाळेत मास्तर. ती पाटलाघरची आणि आम्ही बौद्ध. तिच्या घरचं कोणी आमच्या घरी पाण्याला शिवत नव्हतं. भांडण नव्हतं, बोलचाल होती, पण उंबऱ्याबाहेरून. तीसुद्धा पहिलं वर्षभर मागच्या दारानं यायची, बसायची, बोलायची आणि कोरड्या तोंडानं जायची. मग एक दिवस तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा तिनं न विचारता मोडून तोंडात टाकला. दुसऱ्या दिवसापासून मी दोन भाकरी जास्त टाकायला लागले. घरी तिनं सांगितलं नाही, मीही तिच्या घरी सांगायला गेले नाही.

वेबसाइटवर येसर करणाऱ्या बाईचा फोटो पाहिजे, असं सून म्हणाली. माझा काढला. मी कपाळाला काही लावत नाही आणि फोटोसाठी हसतही नाही. शेजारीण तो बघून म्हणाली, "आगं, हे तोंड बघून गिऱ्हाईक उलट्या पावलानं जाईन. वाटंल, हप्ता मागायला आली."

"मंग तुहं टाक," मी म्हणाले.

"टाकतेच. हे कुंकू, ह्या बांगड्या, कोणती बाई न्हाई म्हणंल?"

आणि ती परातीपुढं बसली. खरं म्हणजे तिला येसरात आधी काय भाजायचं तेही माहीत नव्हतं. पण फोटो असा आला, की बघणाऱ्याला वाटावं हिच्या तीन पिढ्या हेच करत आल्या. सुनेनं तो फोटो कापून घेतला. मागच्या भिंतीवर आमच्या बुद्धाचा फोटो आहे, तो गेला. "मागं लई गर्दी दिसती," असं ती माझ्याकडं न बघता म्हणाली. आडनावही टाकलं नाही. मी कारण विचारलं नाही. मला कारण माहीत होतं आणि मी कबूल झाले, हे इथं लिहून ठेवते.

मेसेज यायला लागले. पहिले काही मी बोलून पाठवले. एकीनं विचारलं, येसर फार तिखट आहे का? मी सांगितलं, तिखट नको तर साखर खा. सुनेनं माझ्या हातातून फोन काढून घेतला तो कायमचा. मग ते काम शेजारणीकडं गेलं. रोज सांजच्याला ती मागच्या दारानं यायची, सून एकेक प्रश्न वाचायची, मी उत्तर सांगायची आणि शेजारीण ते तिच्या गोड गळ्यानं फोनात बोलायची. हात माझा, तोंड तिचं. लोक तिला आजी म्हणायला लागले. कुणी पोरगी परगावी नोकरीला, तिला आमटी येत नाही. कुणाचं बाळंतपण झालेलं. आजी सगळ्यांशी बोलायची. मधेच मी ओरडायची, "इकडं भाकर निवून राह्यली, तिकडं तुहं कीर्तन." तेही फोनात जायचं. वेबसाइट चालली. ती बघून गावातल्या आणखी दुकानदारांनी सुनेला काम दिलं.

थंडीत एका सकाळी शेजारीण अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठली नाही. जीपमध्ये घालून जालन्याला नेली. दुपारी तीच जीप तिला घेऊन परत आली.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं नेऊन देतात, त्याला कडू घास म्हणतात. मीही नेला. तिच्या सुनेनं फडकं हातात घेतलं आणि ओट्यावर एका बाजूला ठेवलं. सांजच्याला माझ्या भाकरी मी त्यांच्या दारातल्या गाईपुढं पाहिल्या. गाईनं खाल्ल्या. वाया गेल्या नाहीत.

दहाव्याच्या आधी तिच्या घरून फोटोसाठी निरोप आला. चौकटीत लावायला त्यांच्याकडं तिचा एकही धड फोटो नव्हता. लग्नातले होते, त्यात ती दुसऱ्यांच्या मागं उभी. माझ्या सुनेनं वेबसाइटवरचा फोटो दिला. तोच आता हार घालून त्यांच्या भिंतीवर आहे. नीट बघितलं तर तिच्या डाव्या खांद्यामागं आमच्या बुद्धाच्या चौकटीची कड दिसते, बोटभर. सुनेच्या हातून तेवढी कापायची राहिली.

आणि मग सोळाव्या दिवशी मी तिचा आवाज ऐकला.

लोकांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सुनेनं शेजारणीचे चाळीसेक मेसेज वेगळे जपून ठेवले होते. आता कोणी काही विचारलं की त्यातला एक उचलून पाठवत होती. कोणी लिहिलं, आजी बऱ्या आहेत का, तर त्यालासुद्धा उत्तर होतं. "मी बरी हाये बाई, तू जेवली का?"

"बंद कर," मी म्हणाले.

"आत्याबाई, सगळी वेबसाइट तिच्यावर उभी हाय. काय लिहू? आजी मेली?"

"मेली तर मेलीच लिहायचं. गेली लिही, वारली लिही, तुला जे चांगलं दिसंल ते लिही."

"लोक म्हणतील, मंग येसर कोण करतंय."

"ते बी सांग."

ती रडायला लागली. म्हणाली, थोडे दिवस जाऊ द्या, नवीन कामं हातात आहेत, ते लोक हीच वेबसाइट बघून येतात. मी तिथंच फोन घेऊन ठेवायला पाहिजे होता. ठेवला नाही. तिचं पोट त्यावर होतं, आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी डेखं खुडायला मुद्दाम पुढच्या खोलीच्या दाराजवळ बसले.

आठवड्यानं शेजारणीचा मुलगा आला. पुढच्या दारानं आला, आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याच्या शाळेतल्या एका मास्तरच्या बायकोनं येसर मागवलं होतं. त्या मास्तरनं शाळेत सगळ्यांपुढं फोन काढून त्याला ऐकवलं, हे बघ, तुझी आई परवा माझ्या बायकोशी बोलली.

"कोणी पाठवला हा मेसेज?" त्यानं विचारलं.

सुनेचा चेहरा उतरला. मीच म्हणाले, "आम्ही पाठवला. चूक हाय, मान्य हाय. बाहेर उभं राहून बोलायचं का आत बसून?"

तो आत आला. खुर्चीच्या कडेवर बसला. सुनेनं पाण्याचा पेला समोर ठेवला.

"किती आहेत असे?"

"चाळीसेक," सून म्हणाली.

"लाव."

ती लावत गेली, तो ऐकत गेला. गार पाण्यात कालव. खोबरं किसून भाज. दूध येत नसलं तर खसखशीची खीर खा. एकात ती नातवाची नक्कल करते, त्याला तो हसला आणि लगेच थांबला. मग तो एक मेसेज आला. कोणीतरी विचारलं होतं, आजी, तुम्ही स्वतः येसर कशाबरोबर खाता? ती म्हणते, "कशाबरोबर म्हंजी? आत्ता भाकर कुस्करून बसलेच हाये. रोज सांजच्याला इथंच जेवते मी. आमच्या घरची भाजी म्हंजी दवाखान्यातली, बाई." आणि मागून माझा आवाज, "आधी गिळ, मंग बोल."



"आई इथं जेवत होती?"

"रोज."

"घरी म्हणायची भूक न्हाई. आम्ही तिला जालन्याला दाखवून आणलं. भुकेचं औषध चालू केलं."

"ती बाटली तिनं मला आणून दिली," मी म्हणाले. "मीच प्याले. तिला भूक होती. दोन भाकरी खायची."

त्यानं तोंड पुसलं. रागानं की कशानं, मला कळलं नाही. मग म्हणाला, "हे सगळे मला द्या आणि तुमच्याकडचे पुसून टाका. वेबसाइटवरचा फोटो पण काढून टाका."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं मी भांडेन. भांडायला मला येतं. पण आई त्याची होती. "दे आणि पूस," मी म्हणाले.

ती एकेक मेसेज त्याच्या फोनात पाठवायला लागली. त्या जेवणाच्या मेसेजवर आली तेव्हा तो म्हणाला, "तो नको."

"न्हाई पाठवत. पुसू का मंग?"

त्यानं बाकीचे आले का ते फोनात बघितलं, उठला. दारात म्हणाला, "येतो मावशी." त्याच्या आईनं तेरा वर्षं आमच्या भिंतीआड काढली, पण त्यानं मला नात्यानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. पाण्याचा पेला भरलेला तसाच राहिला.

त्याच दिवशी मी सुनेकडून फोन मागून घेतला आणि सगळ्यांसाठी बोलले. "तुमची आजी वारली. मागच्या काही दिवसांत तिचा आवाज आला असंल तर तो जुना होता, ती आमची चूक. येसर पहिल्यापासून मी करत होते, ती नुसती बोलायची. मी आहे, यापुढंही तसंच करीन. घ्यायचं त्यानं घ्यावं." सून म्हणाली, थोडं गोड बोला. मी म्हणाले, गोड बोलणारी गेली.

बऱ्याच जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एक-दोघींनी लिहिलं, तुम्ही आम्हाला फसवलं. ते खरं होतं. बाळंतपणवालीनं लिहिलं, आजींचा खिरीचा मेसेज माझ्याकडून पुसला गेला, परत पाठवता का? सुनेनं लिहिलं, आता आमच्याकडं नाही.

वेबसाइटवर आता माझा फोटो आहे. मी सांगितलं, भिंतीसकट टाक. तिनं टाकला. ऑर्डरी कमी झाल्या. भिंतीमुळं, की माझ्या तोंडामुळं, की तिचा आवाज नाही म्हणून, ते सांगता येत नाही. ज्यांनी सोडलं त्यांनी कारण लिहिलं नाही. दोन दुकानदारांनी सुनेचं काम थांबवलं, मोटारवाला टिकून आहे. ती मला दोष देत नाही. दिला तर मी ऐकून घेईन.

तो एक मेसेज सुनेनं पुसला नाही. मी सांगितलं नव्हतं. महिनाभरानं तिनंच विचारलं, "ठेवू का, आत्याबाई?" ठेव म्हणाले. मुलाला जो नको होता तोच तेवढा आमच्याकडं राहिला. एकदाच ऐकला. तिच्या बोलण्यात मधेच घास चावल्याचा आवाज येतो, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी तेव्हा ओरडण्यात होते.

सांजच्याला पीठ अजून जास्तच मळलं जातं. दोन भाकरी उरतात. सकाळी त्या मीच खाते, शिळ्या.