चौंडक्याला माईक बांधला ती गोष्ट

त्या दिवशी औंढ्याच्या जत्रंत, फळ्यांच्या स्टेजवर आमी पाच जणं व्हतो. गाणारी आन् मेळ्याची मालकीण मैनाबाई. तिचा भाऊ किसन, संबळवाला. झांजंवर सगुणा. भोंग्याचं मशीन घेऊन आलेले उस्मानभाई. आन् चौंडकं घेऊन मी.

उन्हं उतरली की कार्यक्रम व्हता. त्याआधी माईक तपासून राहिलो व्हतो. मैनाबाईनं गाणं मधीच तोडलं.

"चंद्रे, भोंग्यातून तुझं नुसतं टकटक येऊन राहिलं. कोंबडी दाणे टिपती तसं."

ज्यानं पाहिलं न्हाई त्याला सांगते. चौंडकं म्हंजी लाकडाचं पोकळ नळकांडं. एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. चामड्यातून एक तात, म्हंजी आतड्याची दोरी, निघती, ती उघड्या तोंडातून म्होरं येती. नळकांडं काखंत दाबायचं, तात एका हातानं ताणायची, दुसऱ्या हातातल्या नखीनं छेडायची. दुंग दुंग असा जाडा आवाज येतो. गाण्याला खालून टेकू लागतो, तो हाच.

मैनाबाई म्हणली, "आता गावोगाव भोंगा मागून राहिले. त्यात तुझं वाजत नसंल तं राहू दे. आज झाल्यावर घरी जा. चौघांत भागतं."

घरी जा म्हणणं सोपं व्हतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी दार लावलं व्हतं. माहेरात कुणी उरलं नव्हतं. मेळ्यात वाजवलं तर भाकर, न्हाई तर न्हाई. मला दुसरं कायबी येत नव्हतं.

उस्मानभाईंनी माईक माझ्या म्होरं, उघड्या तोंडासमोर, हातभर लांब ठेवला व्हता. मी जोरात छेडलं. टकटकच वाढलं. मंग त्यांनी मशीनचा आवाज चढवला. भोंगा असा किंचाळला, का खाली बांधलेला बैल दावं तोडून पळाला.

किसन म्हणला, "आक्के, भोंग्याच्या अंगात आलं. लिंबू उतरव."

सगळे हासले. मला हासू येईना. बसवतबी नव्हतं. चौंडकं काखंत धरून मी स्टेजवर येरझारा घालून राहिले, आन् चालता चालता छेडत व्हते. तवा ध्यानात आलं. दर वेळी छेडलं का माझ्या बरगड्या थरथरतात. म्हंजी जाडा आवाज मागं, चामड्यापाशी हाय. म्होरं नुसती नखी वाजती.

"उस्मानभाई, माईक मागं लावा. हितं, काखंपाशी."

त्यांनी मान खाली घातली. "बहेन, वहाँ मैं कैसे लगाऊँ? लोग देख रहे हैं."

मंग समजलं. माणूस सज्जन. बाईमाणसापासून हातभर लांब राहायचं म्हणून माईक लांब ठेवला व्हता. त्यांच्या अदबीपायी माझी भाकर चालली व्हती.

मी म्हणले, "तुमी तोंड फिरवा. मी बांधते. तुमी नुसतं सांगा."

माईक आताच्यावानी बोटाएवढा नव्हता. चांगला वाटीएवढा, जड. लुगड्याची पट्टी फाडली आन् बरगडीशी आवळला. उस्मानभाई देवळाकडं तोंड करून बोलत व्हते.

"जाली चमड़े की तरफ. चिपकाना मत."

पहिल्यांदा चिकटलाच. घरघर झाली. मधी चार बोटं जागा सोडली, घरघर गेली. पण आवाज अजून दबका व्हता.

"तात जरा चढाओ बहेन. बहुत नीचे का सुर ये लोहे के गले से नहीं निकलता."

तात चढवली. छेडलं. किसन उडी मारून खाली गेला, पार जत्रंच्या कडंच्या चिंचंपतूर पळाला आन् तिथून वरडला, "येऊन राहिलं! दुंग येऊन राहिलं!"

घरात वाजतं तसं न्हाईच आलं. पण टेकू मिळाला.

कार्यक्रमभर मी ताठ बसले. जरा हालले का माईक अंगाला घासायचा आन् भोंग्यात खरखर व्हायची. सोडला तवा बरगडीवरचं कातडं गेलं व्हतं. सगुणानं खोबरेल लावलं. मैनाबाई शाबास म्हणली न्हाई. म्हणली, "उद्या शिरडला जायचं हाय. पट्टी जाडी घे." मी मेळ्यात राहिले.

मशीनवाल्याला मशीन कळतं. आवाज कुठून निघतो ते वाजवणाऱ्याच्या अंगाला कळतं. तुमच्यात कुणी स्टेजवर माईक लावत असंल, तर आधी वाजवणाऱ्याला इचारा. बाई असली तरी इचारा.